न ओळखता येणारी खिरापत

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. नाही करणार? बरं, नका करू. माझी इतकी शोभा झालेली आहे की तुमच्या हसण्यानं तिच्यात आता काही भर पडायची नाही. चहा घ्या, आणि ऐका.

तुम्हाला भोंडला माहीत आहे. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, सासरच्या माणसांच्या तक्रारींची गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा बंद. हलवून बघा, वास घ्या, अंदाज करा. ओळखेपर्यंत खायला मिळणार नाही! माझ्या नवऱ्याला, नितीनला, हे कधीच पटलं नाही. तो नागपूरचा. "आमच्याकडं भुलाबाई असते," तो म्हणतो, "पण खायला द्यायचं तर सरळ देऊन टाकावं ना, एवढा छळ काऊन?"

छळ! अहो, छळ हाच तर खेळ आहे!

आणि या खेळात मला आजवर कुणी हरवलेलं नव्हतं. बंगलोरला, महादेवपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मराठी बायका भरपूर, सगळ्या पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्या, सगळ्या हुशार. पण माझा डबा आला की त्यांचे चेहरे पडतात. लाडू खुळखुळतात, म्हणून मी लाडू नेत नाही. चिवडा वाजतो. वड्या एकमेकींवर आपटतात. मी असं काही करते की डबा मुका राहतो. एकदा तर ओळखता ओळखता एकीचं पोरगं भुकेनं भोकाड पसरून रडायला लागलं, तरी मी झाकण उघडलं नाही. नितीन याला आजार म्हणतो. मी याला तत्त्व म्हणते.

आता हे तत्त्व मी कुठं लावलं ते ऐका.

मल्लेश्वरमला एका जुन्या बैठ्या घरात वयस्कर माणसांसाठी एक केंद्र आहे. डिमेन्शिया झालेली माणसं तिथं सकाळी येतात. गाणी म्हणतात, चित्रं रंगवतात, मातीचे गणपती करतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. केंद्र चालवणारी शैलजा धारवाडची, मराठी छान बोलते. ती आमच्या मंडळात आली आणि म्हणाली, "आमच्याकडं चार-पाच मराठी आज्ज्या आहेत. बेळगाव-निपाणीकडच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या. बाकीचं बरंच विसरलं तरी लहानपणची गाणी, वास, चवी आत राहतात हो. नवरात्रात त्यांच्यासाठी कुणी भोंडला घालेल काय?"

मी हात वर केला. मी नेहमीच वर करते. ऑफिसातही करते, त्यामुळे तिथं माझ्याकडं फार काम असतं.

"फक्त एकच, मेधा मॅडम," शैलजा म्हणाली. "खिरापत स्वल्प सोपी ठेवा हां. ओळखता आली की त्यांना बरं वाटतं. लाडू आणलात तरी सरी, चालतंय."

"हो हो, लाडूच," मी म्हटलं.

आणि देवाशपथ सांगते, घरी पोचेपर्यंत मी लाडूच करणार होते. पण रस्त्यात ट्रॅफिक. गाडी हलेना. रिकामं बसलं की माणसाच्या डोक्यात काहीही येतं. लाडू? मी? लोक काय म्हणतील? आता तुम्ही विचाराल, कुठले लोक? ऐंशी वर्षांच्या आज्ज्या, ज्यांना मी गेल्यावर माझं तोंडही आठवणार नाही? हो, तेच लोक! त्यांच्यासमोरसुद्धा मला जिंकायचं होतं. सांगताना आता लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

मी सीताफळाची रबडी केली. वाजत नाही, खुळखुळत नाही, आणि सात जन्मांत कुणाच्या डोक्यात यायची नाही.

आता इथं नितीनच्या छंदाबद्दल सांगायला हवं. बंगलोरला येऊन लोक कन्नड शिकतात, नितीन इडलीचं पीठ वाटायला शिकला. आठवड्याच्या शेवटी तो तांदूळ-उडीद भिजत घालतो, ग्राइंडर लावतो, पिठाला हातानं कालवतो आणि रात्रभर फुगायला ओट्यावर ठेवतो. कशात? माझ्या रुखवतातल्या उभट स्टीलच्या डब्यात. रुखवतात ते डबे दोन होते, अगदी सारखे. एकात त्याचं पीठ, दुसऱ्यात माझी रबडी.

तरी डबे वेगळे होते! पीठ ओट्यावर, रबडी फ्रिजमध्ये. पण सकाळी मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना गारढोण कसं द्यायचं? म्हणून मी उठल्या उठल्या रबडी फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवली. मग आंघोळ केली, नारायणपेठी नेसले, गाडी बोलावली, ती खाली येऊन हॉर्न वाजवायला लागली. मी धावत स्वयंपाकघरात गेले, डबा उचलला, फडक्यात घालून वर गच्च गाठ मारली आणि निघाले.

झाकण उघडून बघितलं नाही का, म्हणता? अहो, खिरापतीचा डबा एकदा बंद केला की मी परत उघडत नाही. बरं, वास? मला सर्दी. नाक असं चोंदलेलं की शेजारी गटार फुटलं असतं तरी कळलं नसतं.

महादेवपुरा ते मल्लेश्वरम म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. डबा माझ्या मांडीवर, खिडकीतून ऊन थेट डब्यावर. मी म्हटलं, बरंच आहे, गारवा जाईल. केंद्रात पोचल्यावरसुद्धा मी तो मुद्दाम उन्हाच्या खिडकीत ठेवला.

तिथं पहिल्यांदा सुमन अक्का दिसल्या. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, खुर्चीत अगदी ताठ बसलेल्या. मूळच्या निपाणीच्या, मल्लेश्वरमात लग्न होऊन आल्या त्याला आता जन्म लोटला. त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा रवी. पन्नाशीचा, चष्मेवाला, सारखा घड्याळ बघणारा.

शैलजानं मला बाजूला घेतलं. "रवी सर आज मुद्दाम आलेत," ती हळूच म्हणाली. "आई घरी एकटी असते, सकाळ-संध्याकाळ एक बाई येते सोबतीला. त्यांना आता भीती वाटतीय. होसकोट्याच्या बाजूला कायमची राहायची सोय आहे ना, तिथं जागा ठेवलीय. आज आईला बघणार आणि ठरवणार, म्हणाले. अक्कांना घर सोडायचं नाही हो. रोज मला विचारतात, मी आज घरी जाणार न्हवं?"

मला फार वाईट वाटलं. मनात म्हटलं, आज या अक्कांचा दिवस असा रंगवते की मुलगा बघतच राहील. तो बघतच राहिला, एवढं मात्र खरं.

मधोमध पाटावर मी हत्ती काढला होता. आज्ज्या जमल्या, आजोबाही जमले, कारण त्यांनाच बाजूला कसं बसवणार? त्यांच्यात एक राव मामा होते, मैसूरचे. त्यांनी हत्ती बघितला आणि उठून उभे राहिले.

"चला, फेर धरू या!" मी टाळ्या वाजवल्या.

"इल्ला!" राव मामा गरजले. म्हणजे नाही. "आने नडीबेकु. जना निल्लबेकु!"

शैलजानं मला समजावलं. राव मामांचं सगळं लहानपण मैसूरच्या दसऱ्यात गेलं. त्यांचं म्हणणं असं की हत्ती चालतो आणि माणसं कडेला उभी राहून बघतात. हत्ती मध्ये बसलेला आणि माणसं भोवती फिरतायत, हा काय अडाणीपणा?

"पण मामा, हा भोंडला आहे," मी म्हटलं. "यात हत्ती फिरत नाही."

"मग हत्ती कशाला हवा?" शैलजानं त्यांचा सवाल मराठीत केला.

शेवटी केंद्रातली चहाची ट्रॉली आली. तिच्यावर पाट, पाटावर हत्ती, आणि हत्तीसमोर माझा खिरापतीचा डबा. माणसं आपापल्या खुर्च्यांत गोलात बसली आणि हत्तीची स्वारी त्यांच्यासमोरून फिरायला लागली! ढकलणारी मी. नारायणपेठी नेसून, नाक ओढत, चहाची गाडी ढकलत मी भोंडल्याची गाणी म्हणत होते आणि राव मामा पुढून काठीनं गर्दी हटवत होते. गर्दी नव्हतीच, पण ते हटवत होते.

आणि गंमत सांगू? ते मस्त झालं! जी आज्जी सकाळपासून मान वर करत नव्हती ती टाळ्या वाजवायला लागली. अक्कांना तर सगळी गाणी येत होती. माझी एक ओळ चुकली, तर त्यांनी डोळे वटारले. रवी घड्याळ बघायचं विसरला. तो आईकडं बघून हसत होता. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग खिरापत.

मी ट्रॉली प्रत्येकासमोर थांबवायची, डबा हलवून दाखवायचा, आणि त्यांनी ओळखायचं. पहिल्यांदा राव मामा. त्यांनी डब्याला नाक लावलं आणि म्हणाले, "दोसे."

"नाही!" मी आनंदानं ओरडले.

पुढची आज्जी म्हणाली ताक. त्यापुढची म्हणाली ढोकळा. एकजण तर आंबोळी म्हणाली. सगळी आंबट नावं! मला कळेना, यांना रबडीत आंबट काय दिसतंय? पण केंद्राला लागूनच एक दर्शिनी आहे. तिथं दिवसभर इडल्या-डोसे होतात आणि वास इकडं येतो, असं शैलजानं आल्या आल्या सांगितलं होतं. म्हटलं, त्याचाच परिणाम. किती लांब आहेत माझ्या रबडीपासून! मला आतून उकळ्या फुटत होत्या.

ट्रॉली अक्कांसमोर आली. त्यांनी वास घेतला. डब्यावर हात ठेवला.

"पीठ," त्या म्हणाल्या. "इडलीचं."

"नाही हो अक्का. गोड आहे!"

"गोड कशाला आसंल? आंबलंय चांगलं."

बाकीचे हसले. रवी हसला नाही.

दुसरा फेरा. बाकीच्यांनी नवी नावं घेतली. अक्का म्हणाल्या, "पीठ."

"अक्का, खिरापत म्हणजे खायची असते," मी लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं. "कच्चं पीठ कोण आणेल?"

"ते मला काय म्हायती? तू आनलीयास."

शैलजानं माझ्या कानात सांगितलं, "नाही म्हणू नका मॅडम, त्यांना वाईट वाटतं. काहीतरी क्लू द्या." मी क्लू दिला. "अक्का, आत एक फळ आहे. हिरवं, वरून डोळे डोळे असतात, आत पांढरं..."

अक्कांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "इडलीच्या पिठात फळ? खुळी हायस काय गं?"

तिसऱ्या फेऱ्याला तर त्यांनी डब्यावरचा हात पटकन मागं घेतला. "फुगालंय बग. झाकन उचलालंय. श्वास घ्यालंय ते!"

आता कुणीच हसलं नाही. डबा श्वास घेतोय म्हटल्यावर कोण हसणार? रवी उठला आणि बाहेर व्हरांड्यात गेला. माझ्या कमरेला खोचलेला फोन थरथरत होता. नितीन. मी कापला. तो परत थरथरला. मी परत कापला. या माणसाला वेळेचं भान म्हणून नाही!

मी रवीच्या मागं गेले. कुणी बोलावलं होतं? कुणीही नाही.

तो चष्मा पुसत उभा होता. "बघितलंत ना मॅडम? घरी पण असंच चालतं. एक धरलं की तेच. बायको म्हणते तू घाई करतोयस. मला पण कळेना झालंय. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"हे बघा," मी म्हटलं, "मी काही डॉक्टर नाही."

हे वाक्य म्हटल्यावर माणसानं गप्प बसावं. मी बसले नाही.

"पण मी वाचलंय याबद्दल. एकाच शब्दावर मन अडकून बसतं. आता बघा ना, डब्यात रबडी आहे. मी स्वतः केलीय. आणि त्यांना तिथं पीठ दिसतंय, ते श्वास घेताना दिसतंय! उद्या घरात आणखी काही दिसेल. गॅस आहे, पायऱ्या आहेत. मनावर दगड ठेवावा लागतो. तुम्ही योग्य तेच करताय."

अहाहा! काय ती माझी वाणी! काय तो समजूतदार आवाज! ऑफिसात लोकांना प्रोजेक्ट बंद झाल्याचं मी याच आवाजात सांगते.

रवीनं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. "थँक्स मॅडम," तो म्हणाला आणि त्यानं होसकोट्याला फोन लावला.

मी आत आले. आत गोंधळ. अक्का उभ्या राहिल्या होत्या. "सरका! सगळी बाजूला सरका! आता जातंय ते!" असं म्हणत त्यांनी राव मामांना दंडाला धरून मागं ओढलं. मामा हत्ती सोडून जायला तयार नव्हते.

"अक्का, अक्का, शांत व्हा," मी गोड हसले. "काही होत नाही. मी आता सगळ्यांना उघडूनच दाखवते हं."

मी ट्रॉलीवर वाकले. चांगली तोंड खाली घालून वाकले. वर आलेल्या झाकणानं फडक्याची गाठ इतकी घट्ट झाली होती की मला दात लावावे लागले. गाठ सुटली.

फट्ट!

झाकण माझ्या कपाळावर बसलं. त्याच्यामागून जे काही पांढरं आलं ते कपाळ, भुवया, नाक असं करत खाली उतरलं. डब्यातून ते येतच राहिलं, फसफसत, पाटावरून, हत्तीवरून, ट्रॉलीच्या कडेनं. मी तशीच वाकलेली. नाकाला काही कळत नव्हतं, पण जिभेला लागलं. आंबट.

राव मामांनी काठी खाली टाकली, पांढऱ्याशुभ्र झालेल्या हत्तीसमोर हात जोडले आणि म्हणाले, "ऐरावता!"

त्यांचं बघून आणखी दोघींनी हात जोडले. आणि नेमका तेव्हा फोन वाजला. माझे हात पिठानं बरबटलेले. शैलजानं मदत म्हणून माझ्या कमरेचा फोन काढला, बटण दाबलं आणि नितीनचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"अगं, फोन काऊन नाही उचलून राहिली? पीठ बिघडलं बाप्पा! कुकर दोनदा लावला, इडल्या फुगूनच नाही राहिल्या! साच्यात नुसतं चिकट चिकट होऊन राहिलं, गोड वास येऊन राहिला, आणि एका इडलीत काळी बी निघाली! उडदाच्या डाळीत एवढी मोठी बी कुठून येते?"

अक्कांनी पदरानं माझं नाक पुसलं.

"फळ हाय म्हनत होतीस न्हवं?" त्या मायेनं म्हणाल्या. "ते तिकडं गेलं बग."

मी वर बघितलं. दारात रवी उभा. फोन कानाला, आणि फोनमधून कुणीतरी "हॅलो सर, हॅलो" करतंय. तो एकदा माझ्याकडं बघत होता, एकदा डब्याकडं, एकदा आईकडं. मग त्यानं फोन बंद केला.

"आई," तो म्हणाला, "तुला कसं काय कळलं?"

"त्यात काय कळायचं? नाक हाय की मला." मग माझ्याकडं हात करून, "हिला न्हाई."

आता मला सांगा, जमिनीनं पोटात घ्यावं असं नुसतं म्हणतात, ती खरंच कधी घेत का नाही? या बाईनं एकदा नाही, प्रत्येक फेऱ्याला बरोबर उत्तर दिलं होतं! आणि प्रत्येक वेळी मी, शुद्धीवर असलेली, पगार घेणारी, इतरांची कामं तपासणारी बाई, त्यांना चूक म्हणाले होते. नुसतं म्हणाले नाही, त्यांच्या पोटच्या मुलाला बाहेर जाऊन पटवून आले होते.

अक्कांना यातलं काही नव्हतं. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं. निम्मं पीठ अजून आत होतं. "वाया कशाला घालवायचं? तवा हाय काय?"

शैलजानं रवीकडं बघितलं. घरातल्या स्वयंपाकघराला त्यानं कुलूप घातलं होतं, हे मला नंतर कळलं. तो बाह्या सरसावून आत गेला, त्यानं स्वतः गॅस पेटवला आणि आईच्या शेजारी उभा राहिला.

पहिला डोसा फाटला. तो सगळ्यांचाच फाटतो. दुसरा असा गोल आला की दारात उभ्या असलेल्या आज्ज्या "अग्गो बाई" म्हणाल्या. मध्येच अक्का थांबायच्या, हातातल्या वाटीकडं बघत राहायच्या आणि विचारायच्या, "मीठ घातलंय काय?"

"घातलंय, आई."

थोड्या वेळानं परत, "रवी, मीठ घातलंय काय?"

"घातलंय, आई."

किती वेळा विचारलं असेल, देव जाणे. पण दर वेळी रवीनं पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं. मी चेहरा धुऊन तिथंच उभी होते. मला रडू आलं, लपवत नाही. आपण या माणसांना काही द्यायला जातो, भोंडला काय आणि खिरापत काय, आणि ती बिचारी आपल्याला काय सांगतायत ते ऐकायलाही थांबत नाही.

खिरापत म्हणून सगळ्यांनी डोसे खाल्ले. राव मामांनी पहिला तुकडा ऐरावताला ठेवला.

निघताना मी रवीला गाठलं. "मघाशी मी जे काही बोलले ना..."

"सोडा हो मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही डॉक्टर नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं."

मग म्हणाला, "मी आईला काही विचारायचंच बंद केलं होतं. काय बोलली तरी आजार बोलतोय असं धरायचो. त्यातलं थोडं तरी खरं असेल, हे डोक्यातच आलं नाही. होसकोटे इतक्यात नको. आणखी एक बाई ठेवू, मी पण रात्री आईकडंच राहायला येतो. पुढं काय ते पुढं बघू."

तेवढ्यात अक्कांनी हाक मारली, "रवी, मी आज घरी जानार न्हवं?"

"घरीच चाललोय, आई," तो म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, झालं की छान, यात तुझी फजिती तेवढीशी नाही. थांबा. चहा संपवू नका.

पुढच्या शनिवारी मी परत गेले. शैलजानं आधीच सांगितलं होतं, मनाला लावून घेऊ नका, त्यांना मागचं काही आठवणार नाही. खरंच होतं. भोंडला झाला होता, हे अक्कांना ठाऊक नव्हतं. हत्ती नाही, डोसे नाहीत, मुलासमोर आपण कशी बाजी मारली तेही नाही. राव मामांनी तर माझी नव्यानं ओळख करून घेतली.

मी अक्कांसमोर जाऊन बसले. त्या माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या. कपाळावर आठ्या. आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"ही न्हवं काय! पीठवाली!"

शैलजाच्या हातातला ब्रश खाली पडला. रवी तर खुर्चीवरून उठलाच. "ओळखलंस आई? हिला ओळखलंस?" त्यानं तिथल्या तिथं बायकोला फोन लावला. आजार सुरू झाल्यापासून अक्कांनी एकही नवं माणूस लक्षात ठेवलं नव्हतं. नातसून आठवत नव्हती, रोज येणारी बाई आठवत नव्हती, शैलजाला त्या रोज नाव विचारत होत्या. आणि मी, एकदाच भेटलेली, लक्षात राहिले! माझी छाती काय फुगली म्हणून सांगू! मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, कुठंतरी आत, नावाच्या आणि दिवसांच्या पलीकडं, आपलं प्रेम पोचलंय.

अक्कांनी हात सोडवून घेतला आणि रवीला खूण करून जवळ बोलावलं. आवाज त्यांनी खाली घेतला, पण मला ऐकू यावं इतकाच.

"हिला घरचा पत्ता देऊ नगोस बाबा. लई गोड बोलती, पन पीठ खराब देती."

"नाही देत, आई," रवी म्हणाला. इतका आनंदलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

आणि खरंच सांगते, एकदा अक्कांना घरी जाऊन भेटावं म्हणून मी त्याच्याकडं कितीदा तरी पत्ता मागितला. तो हसतो, चहा घेणार का विचारतो, पण पत्ता काही अजून दिलेला नाही.